गणिताच्या बाई गेल्या

आमच्या घरात वाचनाला फार मान आहे. म्हणजे कोणी वाचताना दिसलं की बाकीच्यांना काळजी वाटायला लागते. त्यामुळे अकरावीतले चिरंजीव फिजिक्सच्या पुस्तकात सलग चाळीस मिनिटं डोकं घालून बसलेत हे बघितल्यावर बायको ओले हात पुसत माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "काहीतरी गडबड आहे."

"अभ्यास करतोय."

"तेच म्हणतेय मी."

छापा घातला. फिजिक्सच्या पोटातून एक काळं-पांढरं चित्रांचं पुस्तक निघालं. उघड्या पानावर एका शाळकरी मुलाचा उजवा हात होता आणि त्या हाताला डोळा होता. खाली ओठही होते. हात बोलत होता आणि मुलगा ऐकत होता. दोन पानं सोडून एका बऱ्या घरच्या दिसणाऱ्या गृहस्थांचं डोकं केळ्याच्या सालीसारखं उलगडलं होतं आणि आत नुसते दात.

"हे काय आहे?"

"मांगा."

"काय मागू?"

"मांगा, बाबा. जपानी कॉमिक."

बायकोने मुखपृष्ठावरचं नाव वाचलं. 'पॅरासाइट'. "स्पेलिंगसुद्धा धड नाही. 'आय'च्या जागी 'वाय' घातलाय. रस्त्यावरची डुप्लिकेट कॉपी आणलीस ना?" चिरंजीवांनी सांगितलं की ते मुद्दाम तसं आहे. मला एकदम आठवलं. "हा तोच ना, ऑस्करवाला?" तो वेगळा, म्हणे. तो कोरियन, आणि त्यात गरीब कुटुंब श्रीमंतांच्या घरात घुसतं. यात घुसणारे थेट डोक्यात घुसतात. पण ऑस्करचा संबंध आहे. या पुस्तकावर ज्यांनी २०१४ आणि २०१५ मध्ये दोन सिनेमे काढले त्या ताकाशी यामाझाकींच्याच 'गॉडझिला मायनस वन'ला २०२४ मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. शिवाय मूळ पुस्तकाला १९९३ मध्ये कोदान्शाचा मांगा पुरस्कार आहे.

"पुरस्कार मलाही मिळालाय शाळेत," मी म्हणालो. "हस्ताक्षराचा."

बायकोने पुस्तक माझ्या हातात दिलं. "बाबा तपासून बघतील," ती म्हणाली. कस्टममध्ये पेटी बाजूला काढतात, तसं ते पुस्तक रात्रभर माझ्या ताब्यात आलं.

आता मी शेवटापासून वाचायला सुरुवात केली, यात माझा काय दोष? पुस्तक हातात घेतलं की डाव्या अंगाने उघडायचं, हे मला पहिलीत शिकवलंय. उघडल्याबरोबर एक सूचना होती, थांबा वगैरे. सिगरेटच्या पाकिटावर असते तशी कायद्याने छापावी लागत असेल, असं समजून मी पुढे गेलो. विलक्षण प्रकार होता. माणसं आधी मरत होती आणि मग एकमेकांची ओळख करून घेत होती. उत्तर आधी येत होतं आणि प्रश्न नंतर. एक बाई किंचाळून झाल्यावर घाबरली. मी मनात म्हटलं, वा! काळच उलटा फिरवलाय. लहानपणापासून नारळीकर वाचल्याचा फायदा होतो तो इथे. विसाव्या मिनिटाला मी समीक्षकासारखी मान डोलवायला लागलो होतो.

चिरंजीव पाणी प्यायला आले आणि माझ्या खांद्यावरून डोकावले.

"बाबा, तुम्ही मागून वाचताय."

जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. पानं तशी, पानातल्या चौकटीही तशाच. मग मी नव्याने, उजवीकडून सुरुवात केली. डोळे उजवीकडे आणि मान सवयीने डावीकडे, अशा अवस्थेत पन्नास पानं झाल्यावर मानेने राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो आणि एका गिऱ्हाइकाचा ताळेबंद उजवीकडून वाचला. मालमत्ता आधी दिसली. क्षणभर मला त्याला कर्ज द्यावंसं वाटलं.

"हे लोक सरळ का नाही छापत, आपल्यासारखं?" मी संध्याकाळी तक्रार केली.

छापलं होतं म्हणे. अमेरिकेत पहिल्यांदा काढलं तेव्हा तिकडच्या वाचकांची सोय म्हणून चित्रं आरशातल्यासारखी फिरवली. त्यात घोटाळा असा झाला, की या बोलक्या हाताचं नाव मिगी. जपानीत मिगी म्हणजे उजवा. आपल्या गल्लीत पिंट्या, बाळ्या असतात तसा हा उजव्या. चित्रं फिरवल्यावर उजवा हात झाला डावा. मग काय करणार? त्याचं नावच बदलून 'लेफ्टी' ठेवलं. नाव गेलं, गाव गेलं, बाजूसुद्धा गेली. आपल्याकडे हे फक्त लग्न झालेल्या मुलीचं करतात. पुढे कुणाला तरी दया आली आणि नंतरच्या आवृत्तीत उजव्या परत उजवीकडे आला.

गोष्ट अशी. एका रात्री आकाशातून बारीक बारीक काहीतरी पडतं. कुठून, कुणी पाठवलं, याचा खुलासा हितोशी इवाकी हे लेखक-चित्रकार करत नाहीत आणि मला ते आवडलं. त्यातून वळवळणारे जीव निघतात आणि झोपलेल्या माणसांच्या कानानाकातून मेंदूत शिरतात. माणूस बाहेरून होता तसाच राहतो. कामावर जातो, सिग्नल पाळतो, फक्त जेवायला माणसं खातो. इझुमी शिनिची नावाच्या मुलाच्या घरातही असा एक जीव येतो. पण हा कानाला हेडफोन लावून झोपलेला. कानाची वाट बंद. नाकात शिरायला जातो तर पोरगं शिंकून जागं होतं. मग तो घाईघाईत हातातून आत घुसतो आणि वर सरकायला लागतो. शिनिची हेडफोनचीच वायर दंडाला करकचून आवळतो. मेंदूपर्यंत पोचायचं राहून जातं ते राहूनच जातं, आणि पाहुणा उजव्या हातात कायमचा मुक्काम ठोकतो.

हा भाग मी वाचला ही माझी चूक. आमच्या घरात गेली चार वर्षं रोज रात्री साडेदहाला "कानातलं काढ आधी" हे एक वाक्य बोललं जातं. त्या रात्रीही बायको बोलली.

"बाबांना विचार," चिरंजीव शांतपणे म्हणाले. "हेडफोन काढून झोपला असता तर शिनिचीचं काय झालं असतं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी खरं बोललो. त्या घरात खरं बोलायची ती वेळ नव्हती.

उजव्या हा या पुस्तकातला सगळ्यात समंजस माणूस आहे. माणूस नाही, हीच काय ती अडचण. एका दिवसात तो जपानी शिकतो. पोरगं झोपलं की रात्रभर पुस्तकं वाचतो. (आमच्या घरी असता तर बायकोला फार काळजी वाटली असती.) त्याला राग येत नाही, दया येत नाही, लाजही वाटत नाही. भर शाळेत नको त्या जागी नको ते प्रश्न विचारतो. आणि शिनिचीने त्याला लोकांसमोर आणायचं मनात आणलं, तर मी स्वतःला वाचवण्यासाठी तुला कसकसा निकामी करू शकतो, हे तो ज्या सुरात समजावतो, तो सूर मी फक्त बदलीच्या ऑर्डरमध्ये वाचला होता.

लहानपणी 'चांदोबा'त विक्रम-वेताळ वाचायचो. राजाच्या खांद्यावर वेताळ आणि वेताळाच्या तोंडी अडचणीचा प्रश्न. हा मनगटावरचा वेताळ. पण तो वेताळ बरा, राजा बोलला की निदान उडून झाडावर तरी जायचा. हा कुठेच जात नाही. आंघोळीलाही बरोबर. आपल्या भाषेत आपण हाताला केवढं राबवतो! कुणाचे तरी उजवे हात होतो, साहेबापुढे हात जोडतो, मुलांपुढे हात टेकतो, वाहती गंगा दिसली की हात धुऊन घेतो. एवढं सगळं करून कधी विचारलंय, बाबा रे, तुझं यावर काय मत आहे? इवाकींनी विचारलं आणि हाताने मत दिलं. ते ऐकण्यात दहा खंड गेले. जपानीत दहा, इंग्रजीत आठ.

तपासणीसाठी मला मिळालेला फक्त पहिला होता. कर्तव्य म्हणून मी दुसरा मागितला.

"एका खंडाला एक तास वायफाय," चिरंजीव म्हणाले.

"मी तुझा बाप आहे."

"म्हणूनच एक तास. मित्राला दोन सांगितले असते."

असा मी लाच देऊन तपास करणारा अधिकारी झालो.

चित्रांबद्दल एक सांगायला पाहिजे. ती देखणी नाहीत. माणसं जरा ताठ उभी असतात, चेहरे साधे, आपल्या सोसायटीच्या मीटिंगला येतील असे. आणि त्यामुळेच त्यातला एखादा चेहरा मधोमध दुभंगून त्याची पाती झाली की पोटात गोळा येतो. राक्षस पहिल्यापासून शिंगं-सुळे घेऊन आला असता तर मी बिनधास्त वाचलं असतं. हा राक्षस रांगेत उभा असतो. बहुधा तुमच्या मागे.

आणि शाळेत शिकवतो. शिनिचीच्या शाळेत नव्या बाई येतात, तामिया रियोको. त्या माणूस नसतात, डोक्यात परजीवी शिरलेला असतो. विषय गणित. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा चिरंजीवांनी विचारलं, "मग यात विज्ञानकथा कुठे आली?" बायकोने त्याला दटावायच्या आधी क्षणभर विचार केला, हे मी बघितलं. तीही गणितात काठावर पास व्हायची.

पण या बाईंसारखं पात्र मी अलीकडे वाचलेलं नाही. त्यांना माणसं खाण्यापेक्षा माणसं समजून घेण्यात जास्त रस. स्वतःच्याच जातीच्या एकापासून त्यांना दिवस जातात, मूल मात्र साधं माणसाचं असणार असतं. शाळेला कळतं आणि बाईंना जावं लागतं. कारण लक्षात घ्या. माणसं खातात म्हणून नव्हे, ते कुणाला माहीतच नाही. लग्नाआधी गरोदर म्हणून. हे वाचून मी एकटाच खो खो हसत सुटलो. जपान आपल्यापासून किती लांब आहे असं मला वाटायचं!

पुढे त्या बाईंच्या म्हणजे त्या शरीराच्या आई-वडिलांची भेट होते. चेहरा तोच, आवाज तोच, कपडे तेच, खोट तिळाएवढीही दिसत नाही. आणि आई एका नजरेत ओळखते, ही माझी मुलगी नाही. कशावरून? ते आईलाही सांगता येत नाही. त्या आईचा शेवट वाईट होतो, पण गणिताच्या बाईंना ते कोडं पुढे कितीतरी पानं सुटत नाही.

याच्या अगदी उलट शिनिचीच्या घरी होतं. त्याचे आई-वडील सहलीला जातात आणि आई परत येते. घंटी वाजते, दार उघडतं, आई उभी. उजव्या सांगतो, ही ती नाही, हिच्यात आमच्यापैकी एक आहे, मला लहरी कळतायत. पोरगं ऐकतच नाही. त्याला आठवतं काय, तर लहानपणी त्याने गॅसजवळ धडपड केली होती आणि उकळत्या तेलाचं भांडं कलंडलं होतं, तेव्हा आईने मध्ये हात घातला होता. तिच्या हातावर तो भाजल्याचा डाग अजून आहे. तो डाग समोरच्या बाईच्या हातावरही असतो. असणारच, हात आईचाच आहे. फक्त आत आई नाही.

रात्रीचा दीड वाजला होता. हॉलमध्ये एकच दिवा. आणि त्याच क्षणी माझ्या मागे स्वयंपाकघराच्या दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं.

मी जो काही आवाज काढला तो मराठी नव्हता.

"पाणी प्यायला उठले होते," बायको म्हणाली. "काय झालं ओरडायला?"

"काही नाही."

"मग असे काय बघताय माझ्याकडे?"

"तुझ्या हातावर तो कढईचा चटका होता ना? दिवाळीतला? अनारशांच्या वेळचा?"

"तो माझा नाही. तुमच्या बहिणीचा."

मी झोपलो नाही.

या गोष्टीत माणूस आणि परजीवी ओळखायची एक साधी युक्ती निघते. केस उपटायचा. माणसाचा केस गपचूप पडून राहतो. परजीवीचा असेल तर तुटलेला केस किड्यासारखा वळवळतो आणि मग मरतो. ही बातमी फुटते आणि लोक एकमेकांचे केस उपटायला लागतात. किती स्वस्त! ना ओटीपी, ना आधार, ना अंगठा. फक्त माझ्यासारख्याची पंचाईत. माझ्या डोक्यावर आता मोजकेच पुरावे शिल्लक आहेत. चार ठिकाणी ओळख पटवायची वेळ आली तर पाचव्या ठिकाणी मला गोळी घालतील.

त्यानंतर माझं वाचन लोकलमध्ये हललं. डोंबिवलीहून फास्ट, चौथ्या सीटवर अर्धा टेकून. चोपन्न वर्षांच्या माणसाने असलं पुस्तक उघड्यावर वाचू नये एवढी लाज मला आहे, म्हणून मी ते बँकेच्या परिपत्रकांच्या फायलीत घालून वाचायचो. फिजिक्सच्या पुस्तकात घालून वाचणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने बोललो होतो, हे तेव्हा आठवू नये म्हणून मी भराभर पानं उलटायचो. शेजारच्याला दिसायचं ते एवढंच, की हा बँकवाला परिपत्रकं शेवटापासून वाचतो आणि प्रत्येक पानाला दचकतो. एकाने माझ्या बँकेचं नाव विचारून घेतलं. ठेव काढायला गेला असावा.

आणि मग एका सकाळी मुलुंड गेल्यावर गणिताच्या बाई गेल्या.

बागेत. कडेवर बाळ. भोवती पोलीस. बाईंनी मनात आणलं असतं तर तिथे कोणी उरलं नसतं. पण त्या उलटून वार करत नाहीत. गोळ्या अंगावर घेत बाळाला आडोसा करतात, चालत शिनिचीपर्यंत येतात आणि बाळ त्याच्या हातात देतात. मधल्या काळात शिनिचीचं हृदयच फुटलेलं असतं. उजव्याने ते आतून शिवलंय आणि उजव्याचेच बारीक तुकडे पोराच्या रक्तात मिसळलेत. तेव्हापासून त्याची ताकद वाढलीय आणि डोळ्यातलं पाणी आटलंय. रस्त्यात मेलेलं कुत्र्याचं पिल्लू उचलून तो सरळ कचऱ्याच्या पेटीत टाकतो, मेलंय, आता ते मांसच आहे, म्हणून. मैत्रीण त्याला दर दोन-चार प्रकरणांनी विचारत असते, तू तोच आहेस ना रे? ते दगड झालेलं पोरगं त्या बाळाला हातात घेऊन रडतं.

त्याच्या बरोबरीने मीही. फाइल मिटली तरी थांबेना.

"काका, काय झालं?" समोर उभ्या असलेल्या मुलाने विचारलं. "फोन आला का?"

"नाही. गणिताच्या बाई गेल्या."

"अरेरे. शाळेतल्या?"

"हो."

"वय झालं असेल."

"नाही हो, तान्हं बाळ होतं."

डब्यात चुकचुकणं पसरलं. खिडकीजवळच्या गृहस्थांनी पाण्याची बाटली पुढे केली. "कडक होत्या का?" त्यांनी विचारलं.

"माणसं खायच्या," मी डोळे पुसत म्हणालो.

"गणितवाले असतात तसे," ते म्हणाले. "पण मनाने चांगले."

मला उठून खिडकीची जागा दिली. पुढचे चार दिवस ती जागा माझ्यासाठी राखलेली होती आणि पाचव्या दिवशी एकाने बाळाची चौकशी केली. मी त्याला सांगितलं, सुखरूप आहे, आता तेराव्याचं काही करायचं नाही असं ठरलंय. आता डबा बदलावा लागणार.

आठवा खंड रविवारी दुपारी संपला. शेवट मी सांगत नाही. उजव्याची आठवण मात्र येत राहते. एवढंच सांगतो की पुस्तक मिटल्यावर मी माझ्या उजव्या हाताकडे बराच वेळ बघत बसलो. त्याने काही मत दिलं नाही. मग तो आपणहून उठल्यासारखा उठला, पलंगावरचा माझा ओला टॉवेल उचलून दोरीवर टाकला, चहाचा कप विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदा होत होतं, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

बायको दारात उभी होती. ती काही बोलली नाही. माझ्याजवळ आली, कानामागे चाचपून एक केस पकडला आणि खसकन उपटला.

"आई गं! अगं, मोजके आहेत!"

तिने तो चिमटीत धरून ट्यूबलाइटखाली नेला. या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला. चांगलं अर्धं मिनिट वाट पाहिली. मग बोटं झटकली.

"तुम्हीच आहात," ती म्हणाली. आवाज पडलेला होता.